लाल डब्यातली वीस काडतुसं

मंगळवार, २९ जुलै

पोलिसांचं पत्र आलं. हालवारची रायफल आजपासून माझ्या नावावर. भाऊ जाऊन अकरा महिने होत आले, त्याचे बूट अजून ओसरीतच आहेत, आणि आता ही. पत्र दोनदा वाचलं आणि कॉफीच्या डब्याखाली सरकवून दिलं.

दुपारी एस्किलचा फोन. आमच्या शिकारटोळीचा तो म्होरक्या. वय बहात्तर, पण फोनवर अजून दरीपलीकडून हाक मारल्यासारखा ओरडतो.

"गुनवोर, एक सप्टेंबरला हंगाम उघडतोय. सात नंबरची जागा रिकामी आहे."

"दुसरं कोणी नाही का?"

"आहेत की. पण ती जागा तुमच्या घरातली. तू बसावंस असं सगळ्यांना वाटतं."

सात म्हणजे दलदलीच्या कडेचं मचाण. बाकीच्या जागांना नावं आहेत, बहुतेक मेलेल्या माणसांची. ही एकच बिननावाची, कारण हालवार तिथे चाळीस वर्षं जिवंत बसायचा. मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार कसला करायचा? आता लिहूनच टाकते, ही वही त्यासाठीच उघडली आहे. गेल्या ऑगस्टमध्ये हालवारने मला काडतुसं आणायला ओस्टरसुंद शहरात पिटाळलं. एकशे दहा किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. वीस वर्षं तो एकच काडतूस वापरायचा: लाल डबा, मऊ शिशाची गोळी, वजन अकरा पूर्णांक सात ग्रॅम. दुकानात लाल डबा नव्हता. शेजारी हिरवा होता. त्यातली गोळी निव्वळ तांब्याची, पण वजन तेच. मी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. किलो म्हणजे किलो, एवढं मला कळतं. हिरवा घेतला. येताना वाटलं, हा आता तोंड सोडणार, 'एक काम धड होत नाही' म्हणणार आणि उद्या पुन्हा पिटाळणार. म्हणून गुपचूप वीसही काडतुसं त्याच्या जुन्या लाल डब्यात भरली आणि हिरवा डबा चुलीत टाकला. म्हटलं, टोकं बघितली की त्याला कळेलच. शिशाचं टोक करडं आणि बोथट असतं, तांब्याचं लालसर आणि अणकुचीदार. ओरडला की कबूल करू. तो ओरडला नाही. सुटले असं समजून मी गप्प बसले.

काडतूस बदललं की रायफल चांदमारीवर नेऊन तिच्यावरची दुर्बीण नव्याने जुळवावी लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एक गोळी जिथे लागते तिथे दुसरी लागत नाही, वजन तेच असलं तरी. हालवारला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. फक्त आपलं काडतूस बदललंय हे त्याला माहीत नव्हतं.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी सात नंबरवरून त्याने एका मूस मादीवर गोळी झाडली. मूस म्हणजे अवाढव्य हरीण, घोड्याहून उंच असतं, आणि ती सत्तर पावलांवर होती. हालवार तिथून चुकणं शक्य नव्हतं. ती पडली नाही, लंगडत दलदलीत गेली. वॉकीटॉकीवर तो म्हणाला, "जखमी आहे. मी बघतो." जखमी जनावरामागे एकट्याने जायचं नाही, कुत्रा येईपर्यंत थांबायचं, हे आम्हाला त्यानेच शिकवलेलं. तो एकटाच गेला. दुपारी दोनला सापडला, दलदलीच्या काळ्या पाण्यात पालथा. मादी सापडलीच नाही.

माझ्या काडतुसाने गोळी खाली गेली, मादी मेली नाही, म्हणून तो मेला. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आता त्याच्या जागेवर जाऊन बसायचं म्हणजे एक तर आधी हे टोळीसमोर सांगायचं, नाहीतर पोटात घेऊनच मचाणावर चढायचं.

लाल डबा अजून कपाटात आहे. वीसपैकी अकरा उरलीत. एक त्या मादीत. बाकीची आठ कुठे गेली, देव जाणे.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज पुन्हा ती मादी दिसली. खिडकीशी बटाटे सोलत होते, लख्ख ऊन होतं. दलदलीच्या कडेला, बर्चच्या झाडांपाशी, मान खाली घालून उभी. मागचा एक पाय टेकत नव्हती. सुरी ठेवून चष्मा घातला तोवर नुसती झाडं.

वसंतापासून ही चौथी वेळ. गावात मूस ढिगाने आहेत, त्यातलीच एखादी असेल. पण शेजारचा कुत्रा भुंकत नाही.

टेबलावर कप दोन ठेवले होते. एक परत ठेवला.

सोमवार, ४ ऑगस्ट

ओस्टरसुंद. काडतुसं तर लागणारच, बसायचं ठरलं तर. माझी जुनी हलकी रायफल मी हिवाळ्यातच विकून टाकली होती, आता शिकार नको म्हणून. आता हालवारचीच.

दुकानातली मार्गोट काउंटरवर कोपरं टेकून उभी होती.

"लाल डबा?" मी विचारलं.

"कारखान्यानेच बंद केला गं. सगळे तांब्याकडे वळलेत. मारायचं कुठून आहे?"

"दलदलीच्या कडेने. साठ ते शंभर पावलं."

"मग कुठलंही चांगलं चालेल. मूसला काडतूस कमी पडत नाही, माणूस कमी पडतो." तिने तीन डबे मांडले. "हे मऊ शिशाचं. आत गेलं की चांगलं फुलतं, पण मांस नासवतं आणि खिम्यात शिसं येतं. हे शिसंच, पण कवचाला घट्ट सांधलेलं. खांद्याच्या हाडावर आपटलं तरी फुटत नाही. आणि हे निव्वळ तांबं. आरपार जातं, रक्ताचा माग चांगला सोडतं. फक्त प्रत्येक रायफलच्या नळीला मानवत नाही."

"सगळ्यात चांगलं कुठलं ते सांग ना."

"ते नळीला विचार. नळी म्हणजे सासू. कोणाचा स्वयंपाक आवडेल, आधी सांगता येत नाही. वापरून बघ, एक ठरव, एकाच घाण्याचे दोन-तीन डबे घे आणि मग हंगामभर बदलू नकोस." तिसरा डबा हिरवा होता. त्यावर बोट आपटत ती म्हणाली, "गेल्या वर्षी तू हाच नेला होतास ना? हालवारला मानवला का?"

"मानवला," म्हणाले.

"पूर्वी तो स्वतः यायचा. तासभर डोकं खायचा. शेवटची दोन वर्षं तुलाच पाठवायचा."

"आळशी झाला होता," मी म्हटलं.

तिन्ही डबे घेतले. परतीच्या वाटेवर हिरवा डबा शेजारच्या सीटवर होता. अर्ध्या वाटेत गाडी थांबवून तो मागे टाकला.

शनिवार, ९ ऑगस्ट

कोठारामागच्या टेकाडाला दुधाचे रिकामे पुडे पाण्याने भरून रांगेत लावले आणि पंधरा पावलांवरून मारले. नेम बघायला नाही, गोळी आत जाऊन काय करते ते बघायला. मऊ शिशाने तीन पुडे फोडले आणि स्वतःचा चुरा केला. सांधलेलं पाचव्यात सापडलं, अळंबीसारखं फुललेलं. तांबं सगळ्यांतून पार होऊन टेकाडात गेलं. वहीत नोंदी केल्या. स्वयंपाकघरात केकची कृती लिहायचे तशाच.

एवढ्यात टूरे आला. आमच्या टोळीचा कुत्रेवाला. त्याची कुत्री ब्रूना त्याच्यापेक्षा शहाणी आहे, हे तो स्वतःच सांगतो.

"काय गं, दुधाची शिकार? एखादी लोण्याची वडी मारलीस तर कळव."

"काडतूस निवडतेय."

"निवडतेय! माझ्या बापाने चाळीस मूस पाडले, त्याला गोळीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आता बघावं तर टोळीत नऊ माणसं आणि दहा जातींची काडतुसं. नाचता येईना अंगण वाकडं." मग त्याचं हसू मावळलं. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "ब्रूनाने काल आणलं. दलदलीच्या पार पलीकडून. हालवारची ती मादीच असणार."

हाड होतं. लांब, जाड, एका बाजूला तडकलेलं. तड्यात तांब्याची पाकळी रुतलेली.

"मांडीचं," टूरे म्हणाला. "मागच्या पायाचं. ती आडवी उभी होती म्हणे, सत्तर पावलांवर. छातीवर धरलेला नेम आणि गोळी इथे." माझ्याकडे बघितलं, मग ब्रूनाकडे बघायला लागला. "वारा असेल."

मला हाड कुठलं ते काय करायचं होतं? मला पाकळी दिसत होती. शिसं नाही, तांबं. माझं काडतूस. टूरे गेल्यावर ते हाड ओसरीत, हालवारच्या बुटांशेजारी ठेवलं. आत आणायला धीर झाला नाही, बाहेर टाकायलाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

चार दिवस पाऊस. घर फार गप्प आहे. याच वेळेला मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी एकदा म्हणाला, "तू वाच, तुझा आवाज गोड आहे." साठ वर्षांत माझ्याबद्दल तो एवढं एकच गोड बोलला, म्हणून मी खुळ्यासारखी रोज वाचत राहिले. मयतांचे रकानेसुद्धा. आणि खोड्या किती! कॉफी मुद्दाम कपाच्या बाहेर ओतायचा आणि मी चिडले की म्हणायचा, "धाकटे, टेबलालाही तहान लागते."

आज ओसरीत पावलं वाजली. बूट झटकल्याचा आवाज, दोनदा, त्याच्याच सवयीचा. मी दार उघडलं. बूट जागेवर होते. हाडही.

मोठ्याने म्हणाले, "मी बदलली होती रे. मीच बदलली." पाऊस चालू होता. मोठ्याने बोलले ते आज पहिल्यांदाच.

शनिवार, १६ ऑगस्ट

लाल डबा मिळाला! खालच्या गावातल्या एल्सा म्हातारीच्या नवऱ्याचा, तो जाऊन सहा वर्षं झाली. कोरड्या फडताळात ठेवलेला, अठरा काडतुसं शिल्लक. बदल्यात दलदलीतल्या पिवळ्या बेरीच्या मुरंब्याच्या तीन बरण्या दिल्या. दोन मागितल्या होत्या, मी तीन दिल्या.

आता निवडायचं काही उरलंच नाही. दुधाचे पुडे, पाकळ्या, नोंदी, सगळं गेलं झक मारत. त्याची रायफल आणि त्याचंच काडतूस. मी मध्ये लुडबूड करून जे बिघडवलं ते जागच्या जागी ठेवायचं. दुर्बिणीला हात लावायचं कारणच नाही. ती हालवारने लाल डब्याला जुळवलेली आहे आणि तशीच आहे.

एस्किलला फोन करून हो म्हणाले. तो नुसतं 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवार, २३ ऑगस्ट

आजचं आहे तसं उतरवून ठेवते.

हंगामाआधी प्रत्येकाने चांदमारीवर परीक्षा द्यायची, म्होरक्याने सही करायची, हा आमचा नियम. सकाळी गेले. एस्किल दुर्बीण लावून बसला होता. ऐंशी मीटरवर लाकडी मूस. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, लाल डब्यातलं काडतूस घातलं, श्वास अर्धा सोडला, चाप दाबला. तीनदा.

तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून. आणि तिन्ही छातीच्या गोलाच्या चार बोटं वर.

"मी झटका दिला असेल," मी म्हटलं.

"झटक्याने भोकं चिकटत नाहीत," एस्किल म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "दुर्बीण खाली घे. चकती आठ टिचक्या फिरव. झालं." टिचक्या किती, हे त्याने मोजलंसुद्धा नाही. आधीच माहीत असल्यासारखा बोलला.

मी दुर्बिणीला हात लावला नाही. खिशात गेल्या वर्षीची अकरा होती, हालवारची, म्हणजे माझी. का घेऊन गेले होते कोण जाणे, नदीत फेकायची होती बहुतेक. त्यातली तीन भरली. तिन्ही बरोब्बर गोलाच्या मध्यात.

रायफल लाल डब्याला जुळवलेली नव्हतीच. ती तांब्याला जुळवलेली होती. कोणीतरी गेल्या वर्षीच, त्याच काडतुसाला.

मी चांदमारीच्या खोलीत जाऊन नोंदवही काढली. २४ ऑगस्ट, गेलं साल. 'हालवार. आठ गोळ्या. चार बोटं वर घेतलं. परीक्षा उत्तीर्ण.' अक्षर एस्किलचं. खाली हालवारची सही. ओळीवरून घसरून खालच्या माणसाच्या नावावर गेलेली.

बाहेर आले तर एस्किल गाडीत बसत होता. "पाऊस येईलसं वाटतं," म्हणाला. आभाळात ढग नव्हता.

म्हणजे हालवारला कळलं होतं. मी डबा बदलला हे त्याला माहीत होतं, आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत एक अक्षर बोलला नाही. मग गोळी मांडीत का गेली?

सोमवार, २५ ऑगस्ट

एस्किल सकाळीच आला. ओसरीत हाड बघून तिथेच थांबला. मग टोपी हातात धरून टेबलाशी बसला, हालवारच्या खुर्चीत नाही, त्याच्या समोरच्या.

"दुर्बीण मी जुळवली," म्हणाला.

"तो का नाही?"

"आठातल्या पहिल्या तीन त्याने मारल्या. एक फळीच्या काठाला लागली, दोन मातीत. मी म्हटलं, थांब, काडतूस बघू. बघतो तर टोक लालसर. म्हटलं, अरे हे तुझं नेहमीचं नाही. त्याने ते हातात घेतलं. पण डोळ्यांसमोर नाही धरलं, गुनवोर. अंगठ्याने टोक चाचपलं. मग हसला. म्हणाला, 'धाकटीने केलंय. घाबरली असेल मला.'"

मी माझा कप बाजूला सरकवला.

"तेव्हा मला कळलं. त्याला मधलं दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसायचं, जिकडे बघेल तिथे मात्र मध्ये धुरकट डाग. दोन वर्षं झाली होती म्हणाला. डॉक्टरकडे गेला असता तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागलं असतं, रायफल गेली असती. म्हणाला, 'एस्किल, एवढा एकच हंगाम. मग मीच तिला सांगतो.' बाकीच्या पाच मी मारल्या. त्याच्या नावावर."

"आणि सही केलीस."

"केली."

"आणि सात नंबरवर बसवलंस."

"बसवलं." तो टोपी फिरवत राहिला. "मला वाटलं, काही येणारच नाही त्याच्यासमोर. आणि आलं तर तो सोडून देईल. कुत्र्याची वाट न बघता एकटा का गेला ते आता कळतं. टूरे तिथे आला असता, गोळी कुठे लागलीय ते बघितलं असतं, तर सगळं उघडं पडलं असतं."

"आणि वर्षभर मला का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती. काडतुसांचं नको, डोळ्यांचं नको." मग हळू आवाजात, एस्किलला हळू आवाज आहे हे मला आज कळलं, "खरं सांगू? तू काही विचारलंच नाहीस. मला वाटलं, सुटलो."

मी त्याला कॉफी दिली नाही. तो गेला तेव्हा दारापर्यंतही गेले नाही.

माझ्या काडतुसाचा दोष नव्हता. वर्षभर जे ऊर दडपून होतं ते उतरलं म्हणायचं, पण मला काही हलकं वाटत नाही. एकशे दहा किलोमीटर मला का पाठवायचा? रस्ता दिसत नव्हता. वर्तमानपत्र, कॉफी, सही, सगळं माझ्यासमोर रोज मांडलेलं होतं, आणि मी त्याला आळशी म्हणत होते. माझा आवाज गोड नाहीच आहे. कधीच नव्हता.

रविवार, ३१ ऑगस्ट

हंगामाच्या आदल्या दिवसाची बैठक. टूरेच्या कोठारात, जिथे मांस कापतो तिथे. नऊ माणसं, दालचिनीचे बन, एका जुन्या टोपीत जागांच्या चिठ्ठ्या. सातची चिठ्ठी टोपीत नव्हती.

चिठ्ठ्या काढायच्या आधी मी उभी राहिले. डबा बदलल्याचं सांगितलं. वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण शाळेत तीनशे पोरांना ओरडून रांगेत उभं करणारा गळा तो, बसला नाही. मग एस्किल उभा राहिला आणि त्याने उरलेलं सांगितलं. सहीसकट.

कोणी बनला हात लावेना. टूरेचं तोंड लाल झालं होतं. "माझी कुत्री दोन दिवस त्या चिखलात," तो एस्किलला म्हणाला. "मी तिला शिव्या घातल्या, माग सोडलास म्हणून. आणि तुला माहीत होतं?"

"होतं."

"माझी पोरगी पलीकडच्या मचाणावर होती. आंधळ्याच्या हातात रायफल, आणि तुला माहीत होतं."

एस्किलने म्होरक्याची वॉकीटॉकी टेबलावर ठेवली. "दुसऱ्या कोणी घ्या," म्हणाला. कोणीच घेतली नाही. शेवटी टूरेने ती एका बोटाने त्याच्याकडे ढकलली.

"उद्या हजेरी कोण घेणार? घे. हंगाम संपला की बोलू, आणि तेव्हा मी काय बोलेन ते ऐकायची तयारी ठेव." मग माझ्याकडे वळून, "आणि तू. कुठलं ठरलं शेवटी? लाल की हिरवं?"

"हिरवं. रायफल त्यालाच जुळवलेली आहे."

तो मान हलवत राहिला. मग टूरेच्या पोरीने खडू घेतला आणि भिंतीवरच्या नकाशात सातच्या आकड्याशेजारी 'हालवारची जागा' असं लिहिलं. आमच्याकडे जागेला नाव असंच पडतं. त्यावर भाषण नसतं.

सोमवार, १ सप्टेंबर

पाचला उठले. हिरव्या डब्यातली पाच काडतुसं खिशात मोजून घातली, प्रत्येकाचं टोक अंगठ्याने चाचपून. ओसरीतलं हाड पिशवीत घातलं आणि मचाणाकडे जाताना, हालवार सापडला तिथे, काळ्या पाण्यात सोडलं. टूरेला विचारलं नाही.

वर चढून बसले. दलदलीवर दाट धुकं होतं. वॉकीटॉकीवर एस्किलची हजेरी सुरू झाली. चोरांचा पूल? ऐकतोय. निल्सचा खडक? ऐकतेय. आणि मग थांबला. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हालवारची जागा?"

मला बटण दाबवेना. वर्षापूर्वीही तो असाच विचारत राहिला होता, "हालवार? हालवार?", आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

"हालवारची जागा?" पुन्हा.

"ऐकतेय," मी म्हणाले.

तासाभराने ब्रूना भुंकली, लांब, मग जवळ. मग धुक्यातून ती आली. मोठी, काळसर, मान खाली. साठ पावलं असतील, कमीच. मागचा पाय लंगडत होता की चिखलात रुतत होता, कळलं नाही. मी रायफल खांद्याला लावली, सुरक्षेचा खटका सरकवला. नळी, काडतूस, दुर्बीण, सगळं जुळलेलं. माझा हातही स्थिर होता. दुर्बिणीत मात्र नुसता करडा डाग. खांदा कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं, ते दिसेना. छाती इथेच असणार, असं वाटत होतं. वाटत होतं, एवढंच. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं की बघतेय.

मी सुरक्षेचा खटका परत लावला आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"हालवारच्या जागेवरून. मादी समोर आहे. मला नीट दिसत नाही. सोडतेय."

ती वळली आणि धुक्यात गेली, आवाज न करता, तिच्या पायाखालचं पाणीसुद्धा वाजलं नाही. मग एस्किल म्हणाला, "ठीक आहे." थोड्या वेळाने टूरेचा आवाज आला, "इथेही धुकंच आहे." मग त्याच्या पोरीचा, "मलाही काही दिसत नाहीये." मग पुलावरून, खडकावरून, एकामागून एक, सगळ्यांनीच सांगितलं.

मी मचाणावर बसून रडले. रायफल रिकामी करून रडले, तेवढं भान होतं.

मला नीट दिसत नाही. चारच शब्द आहेत. तुला दोन वर्षांत ते बोलता आले नाहीत रे, आणि समोर बसून मी तुला एकदाही विचारलं नाही.